मधे चांगला रस्ता असताना

परवा सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर ड्राइव्हवेवर मेपलचं पान पडलेलं. एकच. कडेने लाल, मधे अजून हिरवं, म्हणजे पडायचं की नाही हे त्याचंही नीट ठरलेलं नसावं. ते बघितलं आणि माझ्या पिंढऱ्या दुखायला लागल्या. खोटं नाही सांगत. डोक्याला आठवायच्या आधी पायांना आठवलं.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, फॉल म्हणजे पानगळ आली की ज्याला त्याला काही ना काही होतं. शेजारची आजी पायऱ्यांवर भोपळे मांडते, ते कुणी खात नाही. दुकानांत मेणबत्तीपासून कॉफीपर्यंत सगळ्याला दालचिनीचा वास यायला लागतो. आपली देशी मंडळी गाड्या काढून उत्तरेला पानं बघायला जातात आणि सगळे मिळून एकाच झाडाचे फोटो घेऊन येतात. मला फॉल आला की धक्का बसतो. नवीन नाही, मागच्या वर्षीचाच. तो अजून पूर्ण उतरलेला नाहीये.

त्याचं असं आहे. या देशात माणसं एका गावातून दुसऱ्या गावात पळत जातात. कुणी मागे लागलेलं नसताना. मधे चांगला रस्ता असताना, रस्त्यावर गाड्या असताना, आणि ह्यांच्या स्वतःच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या असताना. आमच्या चोपड्याला मोठा माणूस पळताना दिसला की पानवाल्यापासून सगळे उठून उभे राहायचे आणि विचारायचे, कोण गेलं? इथे पन्नास मैल जंगलातून पळत आलेल्या माणसाला बघून लोक गाईच्या गळ्यातली घंटा वाजवतात आणि म्हणतात, यू लुक ग्रेट. तो बिचारा कोपऱ्यात ओकत असतो. तरी म्हणतात.

हे मला कळलं ऋचामुळे. मी राहतो सुधीरकाका आणि नंदाकाकूंच्या बेसमेंटमध्ये. माझे सख्खे काका नाहीत. मामाच्या मित्राचे मित्र. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलाला घरासारखं जेवण मिळावं म्हणून काकूंनी ठेवून घेतलं, आणि घरात तिन्हीत्रिकाळ बडबड करणारं कुणीतरी हवं म्हणून टिकवलं. काका पुण्याचे, काकू नागपूरच्या, म्हणजे भाजीत साखर किती या प्रश्नावर तीस वर्षं चर्चा चालू आहे. ऋचा त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली, प्राण्यांची डॉक्टर आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. काका मराठीत विचारणार, ती इंग्रजीत सांगणार, आणि दोघं एकमेकांवर आपापल्या भाषेत रागावणार.

माझा एकच गुण आहे, तो म्हणजे नकला. शाळेत हेडमास्तरांची केली, त्यांनी दारात उभं राहून पूर्ण ऐकली, मग छडी मागवली. इथे येऊन काकांची बसवली. काका सोपे आहेत. त्यांची तीनच वाक्यं पकडायची. चष्मा कपाळावर सरकवून, "हे बघ, लॉजिकली विचार कर." मग, "मी फक्त विचारतोय." आणि शेवटी, खांदे पाडून, "तुझी मर्जी." हे तिसरं अशा सुरात म्हणायचं की समोरच्याकडे मर्जी नावाची वस्तू शिल्लकच राहू नये. नक्कल करणारा माणूस मुळात आळशी असतो हो. समोरचा आता काय बोलणार ते आधीच ओळखून बसतो, म्हणजे ऐकायचं कामच उरत नाही.

ऋचा त्या नकलेवर इतकी हसायची की एकदा दुधाचा ग्लास सांडला. त्या हसण्यावरच मी अडकलो. ऋचा असल्या जंगलातल्या लांब रेस पळते, आणि त्यांत पेसर नावाचा प्रकार असतो. शेवटच्या टप्प्यात, माणूस पार दमलेला असतो तेव्हा, सोबतीला एका मित्राला पळू देतात. त्याने काही करायचं नसतं. बरोबर राहायचं आणि बोलायचं. ऋचा म्हणाली, तुला बोलता येतं ना, मग झालं. मी म्हटलं पळता येत नाही. ती म्हणाली, दॅट वी कॅन फिक्स.

तो उन्हाळा मी तळ्याकाठच्या पायवाटांवर घालवला. डास इतके की तोंड उघडून बोलायचं म्हणजे मांसाहार. मी पुढे धापा टाकत काकांच्या आवाजात, "लॉजिकली विचार कर, गाडी कुठे लावलीये आपण," आणि ती मागे हसत, माझ्याच वेगाने, म्हणजे तिच्यासाठी जवळपास उभ्याने. ओल्या लाकडाचा वास, बर्चच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे, मुळांना ठेचकाळून सुजलेले अंगठे. घरी आलो की काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, अरे, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू.

आत्ता हे लिहितोय तेव्हा काका वर लॉनवर दाताळ्याने पानं ओढतायत. बेसमेंटच्या खिडकीतून फक्त त्यांचे गुडघ्यापर्यंतचे पाय दिसतात. इकडून तिकडे जातात, थांबतात, परत येतात. या पायांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, तरी विश्वास बसत नाही.

ती रेस उत्तरेला, मोठ्या लेकच्या, म्हणजे समुद्राएवढ्या तळ्याच्या, काठाकाठाने जाते. काठावरच्या एका बंदराच्या गावातून निघायचं आणि डोंगरातल्या, हिवाळ्यात स्कीइंग चालतं अशा गावात पोचायचं. ऋचाने ती आधी दोनदा धरली होती आणि दोनदा अर्धी सोडली होती. पहिल्यांदा गुडघा गेला. दुसऱ्यांदा पावसात भिजून ती इतकी गार पडली की तिला अँब्युलन्समधून न्यावं लागलं, आणि फोन काकांना आला. त्या फोननंतर काका घरात पळणं हा विषय निघाला की उठून गॅरेजमध्ये जायचे. ऋचाने सांगून टाकलं होतं की ही तिसरी आणि शेवटची, आता नाही झालं तर बूट टाकून देणार. तिच्या बोलण्यात नाटक नसतं, त्यामुळे ते खरं होतं.

आणि मग काका म्हणाले, मी पण येतो. काकूंना आनंद झाला. मला त्यांचा बेत गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर कळला, कारण काका आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले की तू तिला फार हसवत बसू नकोस, थकली की सांग, मी घरी घेऊन जाणार आहे. ते तिला पळताना बघायला आले नव्हते. परत आणायला आले होते.

वाटेत ठिकठिकाणी थांबे असतात. तंबू, टेबल, त्यावर उकडलेले बटाटे आणि बाजूला मिठाची वाटी, गॅस उडालेला कोला, चिप्स. प्रत्येक थांब्याला बंद व्हायची वेळ असते. त्यानंतर आलात, किंवा त्यानंतरही तिथेच बसून राहिलात, तर छातीवरचा नंबर काढून घेतात आणि गाडीतून घरी. काकूंना सगळ्यात मोठा धक्का बसला तो म्हणजे पळणारे लोक बरणीतल्या लोणच्याचं पाणी पेल्यातून पितात. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाल्या, चला, काहीतरी शिकलेत.

दिवसभर आम्ही गाडीने थांब्यांवर जायचो, ऋचा यायची, घामाच्या मिठाने पांढरी झालेली, बाटल्या भरायची, जायची. काकूंनी खिचडी, दहीभात, गूळपोळी, काय काय आणलेलं; ती उभ्यानेच एक घास घ्यायची. काका लांब उभे राहून मोजल्यासारखं तिच्याकडे बघायचे. लेकवरून असा वारा यायचा की नाकाचं पाणी गालावर आडवं जायचं. आणि झाडं. एवढी लाल-पिवळी झाडं आणि त्यातून माणसं लंगडत येतायत, हे चित्र मला अजून जुळवता येत नाही. एवढ्या सुंदर ठिकाणी माणसाने सतरंजी टाकून बसायचं असतं ना?

शेवटच्या थांब्यावर मी बूट आवळून तयार उभा होतो. पुढचे सात मैल माझे. ऋचा आली ती तिरकी, एका अंगावर. पण वेळ हातात होता, चांगला होता. आणि तिथे आपल्या लोकांनी आपल्या लोकांसारखं वागून घेतलं.

बाहेरून दमून आलेल्या माणसाला आपण काय करतो? बसवतो. काकूंनी घडीची खुर्ची टाकलीच होती. बस गं दोन मिनिटं, एवढं काय. ऋचा बसली. अशा थकलेल्या माणसाला खुर्ची दाखवायचीच नसते हे आम्हाला काय माहीत. काकूंनी मांडीवर ताटली ठेवली. आणि काका गाडीतून प्लास्टिकचा टब घेऊन आले. थर्मास भरभरून गरम पाणी आणलेलं, त्यात मीठ. लहानपणी त्यांची आई करायची तसं. खाली बसून त्यांनी तिचे बूट काढले, मोजे काढले. तिने सकाळी बजावलं होतं की कुठेही बूट काढायचे नाहीत, पण तेव्हा तिचं डोकं कुठे जागेवर होतं. काका तिचे पाय टबात धरून चोळत होते, ती डोळे मिटून, तोंड उघडं, आणि आजूबाजूचे अमेरिकन खाणं थांबवून बघत होते. मला ते दृश्य इतकं आवडलं की मी फोटोसुद्धा काढला.

मग तिने डोळे उघडले, घड्याळाकडे बघितलं, आणि बूट मागितले. ते पायात गेले नाहीत.

पाय सुजले होते. दिवसभर बुटात दाबून बसलेले पाय गरम पाण्यात मोकळे झाले आणि पुरणपोळीसारखे मऊ फुगले. काकांनी लेस पूर्ण काढून बघितल्या. बुटाची जीभ बाहेर ओढून बघितली. टाच आतच जाईना. ऋचा ओरडली नाही, तेच वाईट होतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड यू डू."

मी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं आता पहिलं वाक्य येणार, लॉजिकलीवालं. जे व्हावं म्हणून ते आले होते ते झालं होतं की. पोरगी खुर्चीत, गाडी समोर, रेस संपलेली, आणि त्यांनी कुणावर जबरदस्तीही केलेली नाही. पण ते ओल्या गवतात गुडघ्यांवर बसून हातातल्या बुटाकडे असे बघत होते की जणू तो त्यांनीच कुणाचा तरी चोरून आणलाय. एवढा हबकलेला माणूस मी आजवर बघितला नाही. तीन वाक्यांपैकी एकही येत नव्हतं.

थांब्यावरच्या बाई, पांढऱ्या वेणीवाल्या, घंटा हातात घेऊनच आल्या आणि म्हणाल्या की निघायचं असेल तर आता निघा, नाहीतर नंबर माझ्याकडे द्या.

काका वळले आणि मला म्हणाले, "तुझे बूट काढ."

मी काढायच्या आधीच त्यांनी लेस सोडायला घेतली. माझा पाय तिच्यापेक्षा मोठा, त्यात तिचा सुजलेला पाय बसला. काकूंनी टॉवेलने पाय टिपले, चिकटपट्टी लावली, मी बटाटे धरून उभा, मोज्यांवर, ओल्या गवतात. घाईत मला एवढं कळलंच नाही की आता पेसर गेला. बाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, ही तोल जाऊन चालतेय, हिला एकटीला मी सोडणार नाही, बरोबर कोण आहे?

काका म्हणाले, "मी जातो."

जे काका टपालाची पेटी बघायला गाडी काढतात. खाकी पँट, हाफ स्वेटर, आणि लॉन कापायचे बूट, ज्यांचा पांढरा रंग गवताने कधीच हिरवा झालाय. काकूंनी फक्त विचारलं, बीपीची गोळी? त्यांनी खिशावर हात मारून दाखवला. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग एक हेडलॅम्प त्यांच्या कपाळावर बांधला, चष्म्याच्या वर. आणि दोघं झाडीत गेले. ऋचा पुढे, माझ्या बुटांत. काका मागे, दोन्ही हात थोडे पसरून, सायकल शिकवताना बाप मागून धावतो तसे. ते वळणावर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं म्हणून बघितली, एकही बसेना.

शेवटच्या गावात आम्ही काकूंच्या जास्तीच्या चपलांत पोचलो. म्हणजे मी. फुलं होती त्यांच्यावर. एका माणसाने माझ्या पायांकडे बघितलं, मी पन्नास मैल पळून आलोय असं समजून अंगावर उबेसाठी देतात तो चांदीचा कागद टाकला आणि डोळ्यांत पाणी आणून गुड जॉब म्हणाला. मी थँक यू म्हटलं. नाही म्हणायला ताकद लागते.

वाट बघणं हा प्रकार मी तिथे पहिल्यांदा बघितला. आमच्याकडे निकालाची वाट बघायचो, त्यात निदान गर्दी असते, टवाळी असते. इथे सगळे गप्प, झाडीतल्या एका फटीकडे बघत. कुणीतरी फटीतून बाहेर यायचं, त्याचं कुटुंब धावायचं, बाकीचे परत फटीकडे. ऊन डोंगरामागे गेलं होतं. लेक शिशाच्या रंगाचा झाला. काकू कुठल्यातरी स्तोत्राच्या मधेच थांबून मला सांगायच्या की ह्यांना चढाची सवय नाही रे, घरात जिनासुद्धा धरून चढतात. मग परत पहिल्यापासून सुरू. मला त्यांना हसवता आलं असतं. काकांचा आवाज काढायला एक सेकंद लागला असता. नाही काढला.

शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीवरचं घड्याळ अगदी टोकाला आलं होतं तेव्हा फटीतून माझे बूट आले.

म्हणजे आधी बूट ओळखले, मग ऋचा. फताक फताक वाजत, कारण ते तिला मोठेच होते, तोंड वाकडं करून, पण पळत. चालत नाही, पळत. लोकांनी घंटा बडवल्या. ती कमानीखालून गेली, कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, आणि वेळ अजून शिल्लक होता. थोडासाच, पण होता. मी नाचायला लागलो, चप्पल उडून गेली. काकू मात्र फटीकडेच बघत होत्या.

मग त्या हळूच म्हणाल्या, "बाबा कुठायत?"

ऋचाने तोंड उघडलं, पण आधी श्वास आला, मग शब्द. ही कुडंट कीप अप. आणि मग, "ही टोल्ड मी टू गो."

सुधीरकाका. गो म्हणाले. ज्यांनी तिला कॉलेजला दुसऱ्या राज्यात जाऊ दिलं नाही, जे अजून तिच्या गाडीत पेट्रोल किती आहे ते विचारतात, ते जंगलात, अंधार पडायच्या बेताला, स्वतः झाडाला टेकून तिला जा म्हणाले. काकूंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी लेकीला जवळ घेतलं, आणि त्याच हाताने तिच्या दंडावर चापट मारली, आणि परत जवळ घेतलं. टाकून आलीस होय गं, एवढंच म्हणाल्या.

तिथल्या माणसाने समजावलं की सगळ्यात शेवटी दोघं स्वयंसेवक वाटेवरच्या खुणांच्या फिती काढत येतात, ते कुणालाही मागे ठेवत नाहीत. काकूंनी मान हलवली, पण ऐकलं नाही. ऋचाला बसायला सांगितलं तर ती बसेना. चांदीचा कागद पांघरून, थडथड कापत, फटीकडे तोंड करून उभी राहिली. वेळ संपल्याची घोषणा झाली. एक मुलगी, पाच-दहा पावलांवर असताना वेळ संपला, ती कमानीला हात लावून रडली. मग कमानीतली हवा सोडली आणि कमान हळूहळू गुडघ्यांवर आली. घंटा थांबल्या. पानं पडल्याचा आवाज येतो हे मला तेव्हा कळलं. कोरडा, कुणीतरी कागद चाळावेत तसा.

शेवटी झाडीत दिवे दिसले. तीन. दोन सरळ येत होते आणि तिसरा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, कारण त्याच्या मालकाला मान स्थिर ठेवून चालता येत नव्हतं.

काका दोन स्वयंसेवकांच्या मधे चालत होते. स्वेटरला काटे, पँटला चिखल, आणि दोन्ही खिशांतून, हातांतून, बगलेतून गुलाबी फितींचे बोळेच्या बोळे लोंबत होते. त्यांना मदत करत आले होते. स्वयंसेवकांपैकी एक जण आम्हाला म्हणाला, ही इज व्हेरी थरो, म्हणजे एक फीत मागे सोडली नाही. काकूंनी धावत जाऊन आधी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग छातीला, मग शिव्या सुरू केल्या. नागपूरच्या, जुन्या, मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकांचं लक्ष नव्हतं. ते ऋचाच्या गळ्यातल्या मेडलकडे बघत होते. बराच वेळ. मग तिच्याकडे.

"एकदाही मागे वळून बघितलं नाहीस," ते म्हणाले.

काकू बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, आलं. आता गॅरेज, आता वर्षभर अबोला.

"बरं केलंस." काकांचा आवाज कुठून येत होता कळत नव्हतं, मी तो कधी ऐकलेला नव्हता. हातातल्या फिती ते उगीचच बोटांना गुंडाळत होते. "मी तिथेच उभा होतो, तू दिसेनाशी होईपर्यंत. तू वळली असतीस ना, तर मी हाक मारली असती."

ऋचाने त्यांच्या हातातल्या फिती काढून घेतल्या, एकेक करून, बोटांभोवतीच्या सुद्धा.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. मराठीत.